गायकाविना गिटार: १९६० च्या सुमाराचा तो आवाज कसा मिळवायचा

१९५८ ते १९६३ या काळात इंग्लंड-अमेरिकेत गायक नसलेली गाणी धडाक्यात चालत होती. चाल गिटार म्हणायची. शॅडोजचं 'अपाची' १९६० साली ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्याच वर्षी व्हेंचर्सचं 'वॉक, डोन्ट रन' अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. १९६२ मध्ये डिक डेलचं 'मिसरलू' आलं, १९६३ मध्ये 'पाइपलाइन' आणि 'वाइप आउट' गाजली. १९६४ साली बीटल्स अमेरिकेत पोचले, गाणाऱ्या बँडांची लाट आली आणि हा प्रवाह मागे पडला.

आज हा आवाज हवा असणारे बहुतेक जण आधी जुनी गिटार शोधायला निघतात. आमच्या मते क्रम उलटा हवा. त्या आवाजाचा मोठा हिस्सा जाड तारा, उजवा हात आणि अ‍ॅम्पच्या आधी लावलेला इको (सुराची पुन्हा पुन्हा येणारी प्रतिध्वनी) किंवा रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा) यांतून येतो. ही तीन अंगं जमली की साध्या नव्या गिटारवरही 'अपाची' ओळखू येतं. ती जमली नाहीत, तर फेंडर कंपनीची १९६२ ची स्ट्रॅटोकास्टर गिटार हातात असूनही येत नाही. म्हणून जुन्या गिटारची पारख इथे शेवटी घेतली आहे.

आधी कान

एका रेकॉर्डिंगला किमान चार वेळा बसा. पहिल्यांदा फक्त मुख्य गिटार, दुसऱ्यांदा ऱ्हिदम गिटार, तिसऱ्यांदा बेस, चौथ्यांदा ड्रम. शक्यतो मोनो आवृत्ती ऐका. त्या काळच्या सिंगल मोनोसाठीच मिक्स होत. नंतरच्या स्टिरिओ आवृत्त्यांत मुख्य गिटार बऱ्याचदा एका बाजूला आणि बाकी साथ दुसऱ्या बाजूला असते, त्यामुळे इकोचं प्रमाण कानाला चुकीचं वाटतं. पण हीच स्टिरिओ आवृत्ती एक बाजू बंद करून ऐकली, तर ऱ्हिदम गिटारचा भाग उतरवून घ्यायला फार सोपी पडते.

ऐकताना काय कशाने वाजलंय हे ओळखणं महत्त्वाचं, नाहीतर गिटारवर नसलेला आवाज गिटारमधून काढायचा प्रयत्न चालू राहतो. टोर्नेडोजच्या 'टेलस्टार'ची चाल मुख्यतः क्लॅव्हियोलिन या कळांच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर आहे. सँटो आणि जॉनी यांच्या १९५९ च्या 'स्लीप वॉक'मध्ये स्टील गिटार आहे. बोटांनी फ्रेट दाबून ती घसरण हुबेहूब येणार नाही. 'अपाची'च्या सुरुवातीचा आणि शेवटचा घुमणारा ठेका गायक क्लिफ रिचर्डने चिनी ड्रमवर वाजवला आहे. ड्युएन एडीच्या १९५८ मधल्या 'रेबल राउझर'चा घुमारा फीनिक्समधल्या स्टुडिओबाहेर ठेवलेल्या पाण्याच्या मोठ्या रिकाम्या टाकीतून आला आहे. टाकीच्या एका टोकाला स्पीकर आणि दुसऱ्या टोकाला माइक असायचा. तो गिटारच्या नॉबने येत नाही, पण खोलीच्या आकाराचा रिव्हर्ब लावून जवळपास जाता येतं.

सुरुवात 'वॉक, डोन्ट रन'ने करा. जॉनी स्मिथ या जॅझ गिटारवादकाची ही मूळ रचना. चेट अ‍ॅटकिन्सने ती वाजवली आणि व्हेंचर्सनी ती अगदी सोपी केली. ए मायनर, जी, एफ, ई असे उतरते चार कॉर्ड हा तिचा कणा. हे चार कॉर्ड या संगीतात इतक्या ठिकाणी भेटतात की ते हातात बसले की पुढच्या बऱ्याच रचना अर्ध्या झालेल्या असतात. त्यानंतर 'अपाची', मग 'पाइपलाइन'. 'मिसरलू' सर्वात शेवटी, कारण तिथे सूर सोपे आहेत पण हाताची दमछाक होते.

तारा

इथे सर्वात जास्त लोक चुकतात. आज दुकानातली इलेक्ट्रिक गिटार बहुधा ०.००९ किंवा ०.०१० इंचाच्या पहिल्या तारेसह येते आणि तिसरी तार साधी, वेटोळं नसलेली असते. १९६० च्या आसपास पहिली तार साधारण ०.०१२ किंवा ०.०१३ इंचाची आणि तिसरी तार गुंडाळलेली असायची. अनेक वादक फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट पट्टी गुंडाळलेल्या तारा वापरत. पातळ तारांवर सुराची सुरुवात चिरकी होते आणि मध्येच पोकळ वाटते. 'अपाची'ची चाल तिथेच पडते.

एकदम १३ वर, म्हणजे ०.०१३ इंचाच्या पहिल्या तारेवर, जाऊ नका. ११ चा संच घ्या, पण तिसरी तार ०.०१८ ते ०.०२० ची गुंडाळलेली घ्या. महिन्याभराने १२ वर जा: ०.०१२, ०.०१६, ०.०२४ (गुंडाळलेली), ०.०३२, ०.०४२, ०.०५२. ताण तारेच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून पहिली तार ९ वरून १२ वर नेली की तिचा ताण सुमारे पावणेदोनपट होतो. नुसत्या तारा बदलून चालत नाही, सगळी गिटार नव्याने लावावी लागते, ते याच कारणाने.

गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेमागे आणखी एक कारण आहे. जुन्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांचं कंपन पकडणाऱ्या भागात, सहा चुंबकांची उंची कमी-जास्त असते आणि तिसऱ्या तारेखालचा चुंबक उंच असतो. तो गुंडाळलेल्या तारेसाठी ठेवला होता, कारण तिच्या पोलादी गाभ्यावर चुंबकाचा परिणाम कमी होतो. त्याच पिकअपवर साधी तिसरी तार लावली की ती बाकीच्या तारांपेक्षा मोठ्याने ओरडते. जुन्या पद्धतीच्या पिकअपवर 'जी तार फार बोलते' अशी तक्रार येते, त्याचं मूळ हेच.

बसवताना:

– नटची (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खोबणी जाड तारेला पुरत नसेल तर ती त्या तारेच्या मापाच्या कानशीने रुंद करा, खोल नाही. खोल झाली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते आणि नट बदलावा लागतो. अरुंद राहिली तर तार अडकते आणि ट्रेमोलो (सूर खाली-वर करणारी दांडी) वापरल्यावर सूर चढलेला राहतो.
– फ्लॅटवाउंड तार कापण्याआधी काटकोनात मोडा आणि मोडीच्या पुढे कापा. सरळ कापली तर वरची पट्टी आतून सुटते, तार मेल्यासारखी वाजते आणि परत दुरुस्त होत नाही.
– जुन्या पद्धतीच्या खुंट्यांना वरून चीर आणि मध्ये भोक असतं. तार पुढच्या दुसऱ्या-तिसऱ्या खुंटीपर्यंत ताणून कापा, टोक भोकात खाली घाला, चिरीतून वाकवा आणि दोन-तीन वेढे वरून खाली येऊ द्या. वेढे जास्त झाले की तार ढिली पडत राहते.
– सगळ्या तारा एकदम काढू नका. विशेषतः तरंगता ब्रिज, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाचा शरीरावर पक्का न टेकलेला आधार, असेल तर एकेक बदला.

मग मानेची वक्रता तपासा. सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात ०.२५ मिमी फट हवी. जाड तारांनी ती वाढलेली असेल, तेव्हा ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिची वक्रता ठरवणारी धातूची दांडी) घट्ट करा, एका वेळी पाव फेरा, आणि मग थोडा वेळ थांबा. त्या काळच्या फेंडरमध्ये ट्रस रॉडचं टोक मानेच्या शेवटी, शरीराच्या खाचेजवळ असतं. ते फिरवायला बहुधा मानेचे स्क्रू ढिले करावे लागतात. अर्धवट बसलेल्या स्क्रूड्रायव्हरने वेडंवाकडं फिरवलं तर टोकाची खाच झिजते आणि मग तो फिरतच नाही.

बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची २ मिमी आणि पहिलीची १.६ ते १.८ मिमी ठेवा. जुन्या फेंडरच्या फिंगरबोर्डची गोलाई ७.२५ इंच त्रिज्येची, म्हणजे बरीच जास्त असते. ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) खूप खाली आणली की वरच्या फ्रेटवर बेंड केलेला सूर गळतो. पण या शैलीत तार ओढण्याचं काम बहुतेक ट्रेमोलो आर्म करतं, तेव्हा ती थोडी उंची खुशाल राहू द्या.

स्ट्रॅटोकास्टरचा ट्रेमोलो

शॅडोजच्या आवाजाचा अर्धा जीव या दांडीत आहे. शॅडोजचा मुख्य गिटारवादक हँक मार्विन याची लाल स्ट्रॅटोकास्टर १९५९ साली अमेरिकेतून मागवली होती. क्लिफ रिचर्डने ती त्याच्यासाठी आणवली. त्या गिटारच्या ट्रेमोलोने सूर खाली जातो तसा थोडा वरही जातो, कारण ब्रिजचा मागचा काठ शरीरावर टेकलेला नसतो. तो तसा तरंगता ठेवायचा.

१२ च्या तारांना पाठीमागच्या पाचही स्प्रिंग लावाव्या लागतील. ११ च्या तारांना चार पुरतात. ब्रिजच्या पुढच्या सहा स्क्रूंपैकी दोन टोकांचे प्लेटला जेमतेम टेकतील इतके घट्ट करा आणि मधले चार अर्धा ते एक मिमी वर काढून ठेवा. सहाही आवळले तर प्लेट स्क्रूंत अडकते आणि दरवेळी वेगळ्या जागी परत येते. त्यामुळे सूर कधी चढा, कधी उतरा राहतो आणि दोष बिचाऱ्या खुंट्यांना लागतो.

आता ब्रिजच्या मागच्या काठाखाली ३ मिमी फट राहील असा एक लाकडी तुकडा पाठीमागून ट्रेमोलोच्या ठोकळ्यामागे दाबून बसवा, म्हणजे ब्रिज त्या स्थितीत पक्का धरला जाईल. या अवस्थेत सगळ्या तारा नीट सुरात लावा. मग स्प्रिंगची पकड धरणारे दोन स्क्रू सारखे-सारखे आवळत जा. स्प्रिंगचा ताण तारांच्या ताणाइतका झाला की लाकडी तुकडा आपोआप सैल पडतो. तो काढा आणि पुन्हा सूर लावा. फरक उरला तर तो फार थोडा असेल. हा तुकडा न वापरता, एकदा तारा एकदा स्प्रिंग असं आलटून-पालटून करत बसलं तर दोन्हींचा मेळ लागायला संध्याकाळ जाते.

नटच्या खोबणीत आणि सॅडलवर (ब्रिजवरच्या, तार टेकते त्या तुकड्यावर) मऊ पेन्सिलीचं ग्रॅफाइट लावा. ट्रेमोलोची दांडी भोकात ढिली असेल तर आतल्या तळाशी छोटी स्प्रिंग टाका किंवा आट्यांवर प्लंबिंगची पांढरी टेप दोन वेढे गुंडाळा. एक धोका लक्षात ठेवा: अमेरिकन पद्धतीच्या जुन्या दांडीचे आटे १०-३२ मापाचे असतात. मेट्रिक दांडी जोर लावून घुसवली तर ठोकळ्यातले आटे जातात.

शेवटी पिकअपची उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सहाव्या तारेखाली ३ मिमी आणि पहिलीखाली २.५ मिमी ठेवा, तेही मानेजवळच्या पिकअपला. हे अंतर कमी केलं की चुंबक जाड तारांना ओढतात, वरचे सूर दुहेरी आणि बेसूर वाजतात. इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर जुळवणं) कितीही जुळवलं तरी ते सुधारत नाही.

जॅझमास्टर आणि जॅग्वार

सर्फ संगीतात, म्हणजे डिक डेल आणि 'पाइपलाइन' यांच्या कॅलिफोर्नियातल्या शैलीत, या दोन्ही गिटारांचं स्थान मोठं आहे. जॅझमास्टर १९५८ ची आणि जॅग्वार १९६२ ची. दोन्ही मूळच्या जाड तारांसाठी बनल्या. आज त्यांच्याबद्दल 'ब्रिज खरखरतो, तार सॅडलवरून उडते' ही जी तक्रार ऐकू येते, ती बहुतेक वेळा पातळ तारांमुळे असते. जॅग्वारची स्केल २४ इंच, म्हणजे स्ट्रॅटपेक्षा दीड इंच कमी, त्यामुळे तिच्यावर तोच सूर आणखी ढिला पडतो. तिला १२ च लावा.

या ब्रिजचे दोन पाय धातूच्या कपात सुटे उभे असतात आणि ट्रेमोलो वापरला की ब्रिज पुढे-मागे डुलतो. डुलणं हेच त्याचं काम आहे. तो घट्ट करण्यासाठी कपात कागद कोंबला तर तारा सॅडलवर घासून सूर सोडतात. ब्रिज बरोबर उभा आहे ना हे बाजूने पाहा, पुढे कललेला असेल तर हाताने सरळ करा, मग ट्यून करा.

तार सॅडलवर पुरेशा कोनात वाकत नसेल तर मान काढून तिच्या खाचेत, शरीराच्या मधल्या बाजूला, ०.५ मिमी जाडीची लाकडी पट्टी घाला. मान मागे झुकते, तेव्हा ब्रिज वर घ्यावा लागतो आणि तार शेपटीकडे जास्त उतरत जाते. एवढ्याने बहुतेक खरखर जाते. तरीही आवाज येत असेल तर सॅडलचे छोटे स्क्रू कंपनाने सैल होत आहेत. त्यांच्या आट्यांना नंतर सोडवता येईल असा कमी ताकदीचा थ्रेडलॉक लावा. कायमचा पक्का करणारा लावाल तर पुढच्या वेळी स्क्रू मोडेल.

उजवा हात

पिक जाड घ्या, १ मिमी किंवा त्याहून जाड. पातळ पिक तारेवर वाकतो आणि सुराआधी 'च्यक' ऐकू येतं.

शॅडोजच्या पद्धतीत प्रत्येक सुराला जागा द्यायची असते. आघात स्पष्ट, मग सूर सरळ उभा राहू द्यायचा आणि अर्धा सूर सरल्यावर दांडीने हलकं कंपन द्यायचं. दांडी तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या आतल्या बाजूला कायम टेकलेली असते आणि पिक अंगठा व तर्जनीत. हे सुरुवातीला अवघड जातं, पण दांडी प्रत्येक वेळी शोधायला गेलात तर कंपन उशिरा येतं आणि उचकी लागल्यासारखं वाटतं. सुरुवातीपासून कंपन दिलं तर चाल रडकी होते. या दोन टोकांच्या मधली जागा कानाने शोधायची आणि त्यासाठी एकच ओळ शंभर वेळा वाजवायला हरकत नाही. ब्रिजकडचा पिकअप लावा आणि पिक मधल्या पिकअपच्या आसपास चालवा. दोन-तीन सेंटीमीटर मागेपुढे सरकलं तरी आवाज बदलतो. त्या काळचे वादक टोन-नॉबपेक्षा हे सरकणं जास्त वापरत.

दबक्या सुरांसाठी तळव्याची कड थेट सॅडलवर ठेवा. ती जराही पुढे आली तर सूर पूर्ण मरतो, मागे गेली तर दबतच नाही.

डिक डेलची पद्धत निराळी. तो डावखुरा होता आणि गिटार उलटी धरायचा, जाड तार खाली, पातळ वर. तारा फार जाड असायच्या. 'मिसरलू' ही पूर्व भूमध्य प्रदेशातली जुनी चाल आणि तिच्या सुरांत कोमल रिषभानंतर शुद्ध गंधार येतो. भैरव कानात असलेल्याला ती फार लवकर बसते. चाल सहाव्या तारेवर सुरू होते आणि प्रत्येक सूर वर-खाली सलग आघातांनी भरलेला असतो. मेट्रोनोम ८० वर लावा, दर ठोक्याला चार आघात, एकच मोकळी तार, दोन मिनिटं. मनगटातून हात हलला पाहिजे. कोपरापासून बाहू ताठ झाला, दुखू लागला की थांबा आणि वेग १० ने कमी करा. वेग वाढवताना आघाताचा पल्ला लहान होत गेला पाहिजे. पल्ला तेवढाच ठेवून वेग वाढवणाऱ्याचा हात १४० च्या आसपास अडकतो.

ऱ्हिदम गिटारला कमी लेखू नका. ब्रूस वेल्चसारख्या वादकामुळे शॅडोज शॅडोज वाटतात. ऱ्हिदमवर इको जवळजवळ नको, आणि दोन्ही गिटार एकाच पिकअपवर ठेवू नका; एक दुसऱ्याला झाकते. बेस पिकने वाजवला तर ड्रमच्या पायाशी नेमका जुळतो.

इको आणि रिव्हर्ब

ब्रिटिश आवाज इकोचा आणि कॅलिफोर्नियाचा स्प्रिंग रिव्हर्बचा. दोन्ही एकदम लावले की चिखल होतो. फेंडरचा वेगळा रिव्हर्ब डबा १९६१ साली आला. म्हणून त्याआधीच्या रेकॉर्डवर तो शोधू नका: १९६० च्या 'वॉक, डोन्ट रन'मध्ये तो असणं शक्य नाही, आणि डिक डेलच्या १९६१ च्या 'लेट्स गो ट्रिपिन'वरही तो ओला आवाज नाही.

हँक मार्विनकडे मेआत्झी या इटालियन कंपनीचा इको होता. त्यात फिरणाऱ्या माध्यमावर रेकॉर्ड होऊन पुढे अनेक हेडवरून तोच सूर पुन्हा वाजायचा. ब्रिटनमध्ये वॉटकिन्सचा कॉपीकॅट १९५८ पासून मिळत होता, त्यात फिरत्या टेपचा छोटा पट्टा आणि तीन हेड. अशा यंत्रात उशीर हेडमधल्या अंतरावर आणि वेगावर ठरतो: टेप सेकंदाला १९ सेंटीमीटर धावत असेल आणि हेड ५ सेंटीमीटर दूर असेल, तर उशीर सुमारे २६० मिलिसेकंद. हेड जागेवर पक्के असतात, म्हणून तो इको गाण्याच्या लयीशी तंतोतंत जुळत नाही. आजच्या डिले पेडलवर लय टॅप करून उशीर जुळवला की आवाज लगेच नंतरच्या दशकांतला वाटतो, तो या कारणाने.

एकच डिले असेल तर ३०० मिलिसेकंदच्या आसपास ठेवा, दोन-तीन पुनरावृत्ती, इकोचं प्रमाण मूळ सुराच्या पाव ते तिसरा हिस्सा. दोन असतील तर पहिला १५० वर एका पुनरावृत्तीसाठी आणि दुसरा ३०० ते ३५० वर दोनसाठी. ही फक्त सुरुवातीची जागा. रेकॉर्ड लावून कानाने हलवत न्या. इकोतली वरची धार कापा, ३ ते ४ किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं. जुनी टेप ती धार टिकवत नव्हती आणि म्हणून परत येणारा सूर मुख्य सुरामागे बसायचा. धार ठेवली तर प्रत्येक पुनरावृत्ती नवीन आघात वाटते.

सर्फसाठी स्प्रिंग रिव्हर्ब अ‍ॅम्पच्या इनपुटआधी लावा. अ‍ॅम्पच्या आतला रिव्हर्ब नंतरच्या टप्प्यात मिसळतो आणि तो मवाळ असतो. बाहेरच्या डब्यात 'ड्वेल' म्हणजे स्प्रिंगला किती जोरात ढकलायचं, तो ६ ते ७ वर. 'मिक्स' ५ च्या पुढे. 'टोन' मध्यापासून वर. तळव्याने दाबलेला तुटक सूर जोरात मारला की स्प्रिंग थेंब पडल्यासारखी बोलते. ड्वेल कमी असेल तर ते येत नाही, फार जास्त असेल तर आघात फाटतो. डबा अ‍ॅम्पवर ठेवू नका, अ‍ॅम्पची कंपनं स्प्रिंगमध्ये जाऊन घुमतात.

अ‍ॅम्प

अ‍ॅम्प स्वच्छ हवा, डिस्टॉर्शन नको. 'अपाची' व्हॉक्सच्या १५ वॅटच्या एसी-१५ वर रेकॉर्ड झालं. पुढे एसी-३० आला. डिक डेलने तर फेंडरकडून १५ इंची जेबीएल स्पीकरचा मोठा शोमॅन अ‍ॅम्प आणला, कारण लहान अ‍ॅम्प त्याच्या आवाजाने जळायचे. घरी १० ते १५ वॅट पुरेत. ट्रेबल वर, बेस निम्म्याखाली. गेन सूर किंचित दाणेदार होईल तिथपर्यंतच. डिजिटल मॉडेलिंग अ‍ॅम्पवरही हे सगळं चांगलं होतं.

जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प घेतलात तर तो थेट प्लगला लावू नका. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर साठ वर्षांत सुकलेले असतात आणि बंद अ‍ॅम्पमध्येही ३०० ते ४०० व्होल्ट साठून राहू शकतात. त्या काळच्या अ‍ॅम्पना बऱ्याचदा अर्थिंग नसतं. काही स्वस्त अमेरिकन अ‍ॅम्पमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मरच नव्हता, आणि ते गिटारच्या तारांपर्यंत मेन्सचा धक्का आणू शकतात. असा अ‍ॅम्प आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवल्याशिवाय वापरायचा नाही. अमेरिकेतले अ‍ॅम्प ११७ व्होल्टच्या आसपास चालतात, २३० व्होल्टवर क्षणात जळतील. व्हॉल्व्ह जाणणाऱ्या मेकॅनिकनेच कपॅसिटर बदलून, तीन पिनची वायर आणि फ्यूज घालून आधी सुरू करावा.

जुनी गिटार पारखताना

'१९६२ ची' म्हणून विकली जाणारी गिटार बऱ्याचदा वेगवेगळ्या गिटारांच्या भागांतून जुळवलेली असते. अनुक्रमांकावर थांबू नका: फेंडरचा क्रमांक चार स्क्रूंच्या पाठीच्या प्लेटवर असतो आणि ती प्लेट दुसऱ्या गिटारवर मिनिटभरात जाते.

मान काढायला परवानगी मागा. १९६२ च्या सुरुवातीपासून फेंडरच्या मानेच्या टाचेवर शिक्का असतो. उदाहरणार्थ '२ मार्च ६२ बी' असा मजकूर दिसला तर पहिला २ म्हणजे स्ट्रॅटोकास्टर, शेवटचा बी म्हणजे नटपाशी नेहमीची रुंदी. त्याआधी तारीख पेन्सिलीने लिहीत. ही तारीख मानेची, पूर्ण गिटारची नव्हे, तरी तिच्या आणि पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालच्या भागाच्या) तारखेत बरंच अंतर असेल तर प्रश्न विचारा.

पॉटच्या पाठीवर कोड असतो. ३०४ म्हणजे स्टॅकपोल आणि १३७ म्हणजे सीटीएस ही बनवणारी कंपनी. पुढचे दोन अंक वर्ष, त्यापुढचे दोन आठवडा: ३०४-६२१७ म्हणजे १९६२ चा सतरावा आठवडा. गिटार त्याआधीची असू शकत नाही. नंतरची मात्र असू शकते. सोल्डर पाहा: जुनं सोल्डर मळकट आणि एकसंध, नवं चकचकीत असतं. वायरीवर कापडाचं आवरण हवं.

फिंगरबोर्डही बोलतो. १९५९ पासून १९६२ च्या मध्यापर्यंत रोझवूडची पट्टी जाड आणि खालून सपाट होती. नंतर ती खालून वक्र आणि पातळ झाली. मान आणि पट्टीची शिवण हेडस्टॉककडून पाहिली की हा फरक कळतो.

पिकअप जिवंत आहेत का ते गिटार न उघडता कळतं. केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण, मल्टिमीटर किलोओमवर, एक टोक प्लगच्या टोकाला आणि दुसरं बाहेरच्या नळीला. स्ट्रॅट पिकअपला साधारण ५.५ ते ६.५ किलोओम, जॅझमास्टरला ७ ते ८.५ यायला हवेत. स्ट्रॅटवर एकदम २५० किलोओमच्या जवळचा आकडा आला तर पिकअपची तार तुटलेली आहे आणि तुम्ही फक्त पॉट मोजत आहात. ती नव्याने गुंडाळून घेता येते, पण किंमत बोलताना हे सांगा.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली जुना नायट्रोसेल्युलोज लॅकर पिवळट-हिरवा उजळतो. नंतर केलेली डागडुजी आणि नवा रंग काळसर ठिपक्यांत वेगळे दिसतात. अंधाऱ्या खोलीत मागचा भाग, मानेची कड आणि खाचांजवळचा भाग नीट फिरवून बघा. १९६५ च्या जानेवारीत सीबीएसने फेंडर विकत घेतली, म्हणून विक्रेते 'सीबीएस-आधीची' हा शब्द फार वापरतात. आवाजासाठी तो शब्द पुरेसा नाही, तारीख तपासाच.

नाव मोठं नसलेल्या गिटारांना आम्ही झुकतं माप देतो. अमेरिकेतल्या डॅनइलेक्ट्रो आणि सिल्व्हरटोन, ब्रिटनच्या बर्न्स आणि वॉटकिन्स, जर्मनीच्या हॉफनर आणि फ्रामस, चेकोस्लोव्हाकियाची फ्युचुरामा, जपानच्या टेइस्को आणि गुयाटोन. यांत त्या काळच्या आवाजाची खरी विविधता आहे. पण त्यांच्या माना सावधपणे पाहा. डॅनइलेक्ट्रोसारख्या काही मानांत पोलादी पट्टी असते पण ट्रस रॉड फिरवता येत नाही. मान वाकलेली असेल तर ती सुधारण्याचा खर्च गिटारपेक्षा जास्त होईल. अशा मानेवर ११ च्या वर जाऊ नका. खुंट्या आणि पॉट बदलता येतात, वळलेली मान नाही.

मोझराइट या गिटार कंपनीचा व्हेंचर्स मॉडेल १९६३ पासून आला. त्याचे पिकअप फेंडरपेक्षा बरेच जोरकस आणि फ्रेट फार खाली, त्यामुळे डाव्या हाताला हलका स्पर्श लागतो. १९६० च्या व्हेंचर्सच्या आवाजासाठी मात्र तो नाही, तेव्हा त्यांच्याकडे फेंडर होते.

गिटार हाती आल्यावर पहिल्या आठवड्यात पॉलिश, रंग, फ्रेट बदल यांतलं काहीच करू नका. काढलेला प्रत्येक मूळ स्क्रू नाव लिहून पाकिटात ठेवा. रबर किंवा व्हिनाइलच्या स्टँडवर जुनी गिटार टेकवली तर नायट्रो लॅकर मऊ पडून चिकटतो. सुती कापड गुंडाळा. थंडीतून आलेली गिटारची पेटी लगेच उघडू नका, ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर लॅकरला केसासारख्या भेगा पडतात. जुन्या सेल्युलॉइडच्या पिकगार्डमधून कापरासारखा वास येऊ लागला आणि आसपासच्या स्क्रूंना गंज चढू लागला तर ते प्लास्टिक विघटत आहे. ते गिटारपासून वेगळं, हवेशीर जागी ठेवा आणि त्याजागी नवं बसवा.

आणि गिटार देशाबाहेर न्यायची किंवा आणायची असेल तर लाकडाचा विचार आधी करा. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून सायटीस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि साठीच्या सुरुवातीच्या अनेक फिंगरबोर्डांत तेच लाकूड आहे. अशी गिटार सीमा ओलांडताना त्या-त्या देशाचा परवाना लागतो; तो नसेल तर सीमाशुल्क अधिकारी ती जप्त करू शकतात. विक्रेत्याकडून लाकडाचं नाव आणि बनावटीचं वर्ष लेखी घ्या, आणि परवान्याचा अर्ज पैसे देण्याआधी करा.